संध्याकाळी लीन होणारी गाडी : स्पीड डेन्सिटी मॅपिंगचे एक प्रकरण

घोडबंदर रस्त्यावर राहणारे आणि ऐरोलीत नोकरी करणारे एक गृहस्थ आपली जुनी ऑक्टाव्हिया घेऊन तुर्भे एमआयडीसीतल्या आमच्या गॅरेजमध्ये आले. त्यांची तक्रार नेमकी होती : "सकाळी गाडी एकदम मक्खन, पण संध्याकाळी विटाव्याच्या कोंडीतून सुटून पॅडल दाबले की झटके खाते आणि क्षणभर पिकअपच घेत नाही." या तक्रारीवर आधी एका गॅरेजने मॅपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या तक्त्यांमध्ये, पेट्रोल वाढवून दिले होते. त्याने झटके थोडे कमी झाले, पण गेले नाहीत. उलट सकाळी एक्झॉस्टला पेट्रोलचा वास येऊ लागला, प्लग काळे पडू लागले आणि मायलेज उतरले. एकच गाडी सकाळी रिच (जास्त पेट्रोलवर) आणि संध्याकाळी लीन (कमी पेट्रोलवर) का चालते, हा या प्रकरणाचा प्रश्न होता.

गाडीचे इंजिन १७८१ सीसीचे, वीस व्हॉल्व्हचे टर्बो पेट्रोल. मूळ टर्बोच्या जागी थोडा मोठा टर्बो, मिनिटाला ५५० सीसी पेट्रोल फवारणारे इंजेक्टर, पुढच्या बंपरमागे टर्बोची तापलेली हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर आणि स्वतंत्र ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बसवलेला होता. मूळ यंत्रणेत एअर फिल्टरनंतर हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर असतो. मालकांनी हौसेने बाहेर हवा सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवला होता आणि तिथेच मूळ यंत्रणेशी तंटा सुरू झाला होता, कारण सेन्सरने एकदा मोजलेली हवा व्हॉल्व्हमधून बाहेर गेली तरी ईसीयू तिच्या हिशोबाचे पेट्रोल इंजिनात टाकतच राहतो. म्हणून एअरफ्लो सेन्सर काढून गाडी स्पीड डेन्सिटीवर आणली गेली. निर्णय चुकीचा नव्हता. १९६७ साली फोक्सवॅगन १६०० मध्ये आलेली बॉशची डी-जेट्रॉनिक यंत्रणा मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या, दाबावरच चालत असे, आणि आपल्याकडच्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्या आजही एअरफ्लो सेन्सरशिवाय याच पद्धतीने चालतात.

स्पीड डेन्सिटीत हवा मोजली जात नाही, तिचा हिशोब केला जातो. मॅनिफोल्डमधला निरपेक्ष दाब, हवेचे तापमान आणि इंजिनाचे आकारमान माहीत असले की वायूच्या नियमाने सिलिंडरमध्ये जास्तीत जास्त किती हवा मावेल हे कळते. प्रत्यक्षात तिच्यापैकी किती भरते, तो टक्का व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सीच्या, म्हणजे व्हीईच्या तक्त्यातून घेतला जातो. या इंजिनाचा एक सिलिंडर ४४५ सीसीचा आहे. दाब १०० किलोपास्कल आणि हवा ३० अंशांवर असेल तर त्यात ०.५१ ग्रॅम हवा मावते. व्हीई ८५ टक्के धरला तर प्रत्यक्षात ०.४३५ ग्रॅम भरते. तिला साधारण ३२ मिलिग्रॅम पेट्रोल लागते आणि हे इंजेक्टर तेवढे पेट्रोल पावणेपाच मिलिसेकंदांत देतात. या साखळीतली एक कडी जरी चुकली तरी शेवटचा आकडा चुकतो. एक्झॉस्टमधल्या लॅम्डा सेन्सरला मात्र फक्त शेवट दिसतो. मिश्रण लीन आहे एवढे तो सांगतो, कोणत्या कडीमुळे लीन झाले हे त्याला सांगता येत नाही. हातात लॅपटॉप असलेल्या माणसाला सगळ्यांत सहज बदलता येतो तो व्हीईचा तक्ता, म्हणून बहुतेक वेळा सगळी पापे त्याच्याच माथी मारली जातात.

ईसीयूतला मॅप उघडताच तेच झालेले दिसले. आरपीएम आणि दाब यांच्या प्रत्येक जोडीसाठी या तक्त्यात एक घर असते. २२०० आरपीएम आणि ४५ किलोपास्कलच्या घरात, म्हणजे शहरात सावकाश चालताना गाडी जिथे असते तिथे, व्हीई ९१ लिहिलेला होता. अर्धा बंद थ्रॉटल (पॅडलने उघडणारी हवेची झडप), कमी आरपीएम आणि मॅनिफोल्डमध्ये निर्वात असताना या इंजिनाचा व्हीई इतका असणे पटण्यासारखे नव्हते. वरच्या टोकाला, २०० किलोपास्कल आणि ६००० आरपीएमला, १०८ होता. शंभराच्या वरचा व्हीई अशक्य असतो असे नाही. पण लहान टर्बाइन हाउसिंग असलेल्या इंजिनात वरच्या आरपीएमला एक्झॉस्टमधला दाब बूस्टच्याही, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाच्याही, वर चढतो, जळलेला वायू सिलिंडरमध्ये मागे राहतो आणि व्हीई घसरतो. तिथे १०८ दिसणे म्हणजे तक्त्यात व्हीईखेरीज आणखी काहीतरी भरलेले आहे, एवढे उघड होते.

मॅपला हात लावण्याआधी यांत्रिक बाजू तपासली. स्मोक टेस्टमध्ये, म्हणजे हवेच्या मार्गात धूर सोडून पाहिल्यावर, गळती निघाली नाही. फ्युएल रेलवरचा, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला दाब, रेग्युलेटरला मॅनिफोल्डशी जोडणारी होज काढल्यावर ३ बार होता आणि होज जोडल्यावर मॅनिफोल्डच्या दाबाबरोबर वरखाली होत होता. ही तपासणी टाळू नये, कारण रेग्युलेटरची ती बोटभर होज निसटली तर १ बार बूस्टवर इंजेक्टरच्या दोन बाजूंमधला फरक ३ ऐवजी २ बार उरतो आणि पेट्रोल सुमारे १८ टक्क्यांनी घटते. मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर, थ्रॉटलनंतर मॅनिफोल्डलाच जोडलेला होता, हेही पाहून घेतले. या इंजिनाचा मूळ बूस्ट सेन्सर थ्रॉटलच्या आधी असतो आणि त्याच्या भरवशावर स्पीड डेन्सिटी चालवता येत नाही.

यानंतर वाइडबँड लॅम्डा सेन्सर लावून, क्लोज्ड लूप दुरुस्ती (लॅम्डा पाहून ईसीयू स्वतःहून पेट्रोल कमीजास्त करतो ती) बंद करून, मालकांच्या नेहमीच्या रस्त्यावर लॉग घेतले. क्लोज्ड लूप चालू ठेवून घेतलेला लॉग या कामाला निरुपयोगी असतो, कारण ज्या चुकीचा माग काढायचा तीच ईसीयू परस्पर झाकून टाकतो. सकाळी माजिवड्याहून कळवा पूल ओलांडून ऐरोलीकडे जाताना आणि संध्याकाळी दिघा, विटावा या मार्गाने परत येताना, असे दोन्ही वेळचे लॉग जमा केले. मग वेगवेगळ्या घरांची सरासरी काढण्याऐवजी एकच घर निवडले : २२०० आरपीएम, ४५ किलोपास्कल. त्या घरातला प्रत्येक लॅम्डा त्या क्षणी सेन्सरने दाखवलेल्या इनटेक हवेच्या तापमानासमोर मांडला. चूक खरोखर व्हीईची असती तर तापमान काहीही असो, लॅम्डा एकाच पातळीवर राहिला असता. तसे झाले नाही. लॅम्डा १ म्हणजे आदर्श मिश्रण, त्याखाली रिच आणि त्यावर लीन. सकाळी सेन्सर ३६ अंश दाखवत असताना लॅम्डा ०.९० होता आणि संध्याकाळी कोंडीतून सुटल्यावर ७४ अंशांना १.०५. मधले सगळे बिंदू वर चढत जाणाऱ्या एका पट्ट्यात बसत होते. तेच घर, तोच व्हीई, आणि मिश्रणात सोळा-सतरा टक्क्यांचा फरक.

विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली गाडी पंधरा-वीस मिनिटे रांगते तेव्हा बॉनेटखाली काय होते, हे एकदा बॉनेट उघडून हातानेच पाहण्यासारखे आहे. तापमानाचा सेन्सर ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डमध्ये, पितळी आवरणात, थेट धातूत आट्यांनी बसवलेला होता. मॅनिफोल्ड इंजिन हेडला चिकटलेला, हेडमध्ये नव्वद अंशांचे पाणी आणि शेजारी टर्बो. अशा स्थितीत सेन्सर हवेपेक्षा धातूचेच तापमान जास्त सांगतो. आम्ही इंटरकूलरनंतरच्या पाइपमध्ये उघड्या टोकाचा दुसरा सेन्सर तात्पुरता लावून तुलना केली. मॅनिफोल्डचा सेन्सर ७४ दाखवत असताना पाइपमधली हवा चाळिशीच्या आसपास होती. तापमान जास्त दिसले की ईसीयू हवा विरळ समजतो आणि पेट्रोल कमी करतो, हवा मात्र तितकी विरळ नसते. शिवाय पितळी आवरण थंड व्हायला वेळ लागतो, त्यामुळे गाडी सुटल्यानंतरही बराच वेळ चूक टिकून राहते. मालकांचे झटके नेमके त्याच काळातले होते.

पण पाइपमधले तापमान तरी पूर्ण खरे मानावे का? तसेही नाही. हवा पाइपमधून मॅनिफोल्डमध्ये आणि तिथून तापलेल्या पोर्टमधून सिलिंडरमध्ये जाताना वाटेत गरम होतेच, आणि प्रवाह जितका मंद तितकी अधिक. खरे तापमान दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते. या उदाहरणात त्या घरातल्या हवेचे तापमान संध्याकाळी सुमारे ४८ आणि सकाळी सुमारे ४० अंश धरले, तर केल्व्हिनमध्ये हिशोब केल्यावर लॅम्डा ०.९० वरून साधारण ०.९८५ पर्यंत चढायला हवा. लॉगमध्ये तो १.०५ होता. म्हणजे तापमानाच्या खात्यावर नऊ-साडेनऊ टक्के गेले आणि सहा-सात टक्के उरले. सेन्सरचे स्थान सदोष आहे हे कळताच बहुतेक जण इथे थांबतात. सेन्सर हलवतात, उरलेली चूक पुन्हा व्हीईत ढकलतात आणि गाडी पहिल्यापेक्षा बरी चालू लागल्यामुळे कुणाला संशयही येत नाही. उरलेल्या सहा-सात टक्क्यांचा हिशोब लागेपर्यंत व्हीईच्या एकाही घराला हात लावायचा नाही, असे आम्ही ठरवले.

धागा लॉगमध्येच होता, पण ज्या स्तंभाकडे सहसा कुणी पाहत नाही त्या स्तंभात. सकाळी बॅटरीचा व्होल्टेज १४.१ होता. संध्याकाळच्या कोंडीत एसी, रेडिएटरचे दोन्ही पंखे आणि हेडलाइट चालू असताना तो १३ वर आला होता. इंजेक्टरला करंट मिळाल्यापासून सुई उचलून पेट्रोल वाहू लागेपर्यंत जो वेळ वाया जातो त्याला डेड टाइम म्हणतात, आणि व्होल्टेज घटला की तो वाढतो. ईसीयूत या जागी सगळ्या व्होल्टेजना एकच आकडा भरलेला होता, ०.९ मिलिसेकंद. नवीन ईसीयू पेटीतून काढल्यावर जसा येतो तसाच तो ठेवलेला दिसत होता.

इंजेक्टर उतरवून टेस्ट बेंचवर लावले. एका ठरावीक व्होल्टेजवर वेगवेगळ्या लांबीच्या पल्स देऊन काचेच्या नळ्यांत जमलेले द्रव मोजायचे, पल्सची लांबी आणि द्रवाचे प्रमाण यांचा आलेख काढायचा आणि ती रेषा मागे वाढवून शून्य द्रवाला कुठे टेकते ते पाहायचे. जिथे टेकते तो त्या व्होल्टेजचा डेड टाइम. १४ व्होल्टला तो ०.८५ मिलिसेकंद निघाला, १३ ला ०.९७ आणि १२ ला १.१२. चौदा आणि तेरामधला फरक ०.१२ मिलिसेकंदांचा, म्हणजे कागदावर किरकोळ. पण ४५ किलोपास्कलच्या त्या घरात पेट्रोल प्रत्यक्ष वाहण्याचा वेळच मुळी १.८५ मिलिसेकंदांच्या आसपास असतो. त्यात ०.१२ म्हणजे साडेसहा टक्के. उरलेला हिशोब जुळला. आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसते चालू असते तेव्हा, वाहण्याचा वेळ जेमतेम एक मिलिसेकंद असतो आणि तिथे हाच फरक बारा टक्क्यांवर जातो. कोंडीतून सुटताना पॅडल दाबल्याच्या पहिल्या क्षणी गाडी मरगळते, त्यात मोठा वाटा याचाच होता. उलट पूर्ण बूस्टवर पल्स इतकी लांब असते की डेड टाइमची चूक जाणवतही नाही. म्हणूनच डायनोवर, म्हणजे गाडी जागच्या जागी चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, सुरेख आलेख काढणारी गाडी सिग्नलवर रडते, आणि डायनोचा कागद दाखवून मालकाची समजूत घातली जाते.

तिसरी चूक लॉगमध्ये दिसणारी नव्हती. ईसीयूत पेट्रोलचे आदर्श प्रमाण, म्हणजे एक ग्रॅम पेट्रोलला किती ग्रॅम हवा लागते तो आकडा, १४.७ लिहिलेला होता. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. शुद्ध इथेनॉलचे प्रमाण ९ असल्यामुळे अशा मिश्रणाचे प्रमाण १३.५ च्या आसपास येते, म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे नऊ टक्के जास्त पेट्रोल लागते. आधीच्या ट्यूनरने तेही व्हीईत भरून टाकले होते. ही चूक सगळ्या घरांत सारख्या पटीने असल्यामुळे गाडीच्या चालण्यावर तिचा परिणाम नव्हता, आणि या गाडीचा इग्निशनचा तक्ता (ठिणगी केव्हा पाडायची, म्हणजे टायमिंग, ठरवणारा) थेट दाबावर चालत असल्यामुळे तिथेही नव्हता. इग्निशन हवेच्या हिशोबी वजनावर चालत असते, तर ईसीयू भलत्याच घरातला टायमिंग उचलत राहिला असता. दुरुस्ती आवश्यक होती ती एवढ्यासाठी की व्हीईचा आकडा पाहून त्याच्यावर विश्वास ठेवता यावा. याच कारणाने मालकांच्या डॅशवरचा एअर-फ्युएल मीटरही लॅम्डावर लावून दिला. १४.७ च्या मोजपट्टीवर बांधलेला मीटर इथेनॉलच्या मिश्रणाला पेट्रोलचेच आकडे दाखवत राहतो आणि पाहणाऱ्याची दिशाभूल होते.

दुरुस्तीचा क्रम यातूनच ठरला. आधी ज्या गोष्टी मोजता येतात त्या मोजून भरल्या : इंजेक्टरचा प्रवाह, व्होल्टेजनुसार डेड टाइम आणि १३.५ चे प्रमाण. उघड्या टोकाचा सेन्सर इंटरकूलरनंतरच्या पाइपमध्ये सिलिकॉनच्या जोडाजवळ कायमचा बसवला आणि मॅनिफोल्डमधले भोक बूच लावून बंद केले. मग तापमानाचे मिश्रण ठरवण्याचे काम हाती घेतले. ईसीयू हवेचे तापमान आणि कूलंटचे तापमान यांच्या मधला एक बिंदू घेतो, तो कोणत्या बाजूला किती झुकावा हे हवेच्या प्रवाहानुसार ठरवता येते. हा झुकाव अंदाजाने भरू नये. गाडी डायनोवर एकाच आरपीएमला आणि एकाच दाबाला धरून ठेवली, कूलंट नव्वदीवर स्थिर होऊ दिले आणि इंटरकूलरसमोरचा पंखा बंद केला. पाइपमधली हवा हळूहळू तापू लागली. झुकाव बरोबर असेल तर हवा तापली तरी लॅम्डा जागचा हलत नाही. तो लीनकडे सरकला तर ईसीयू पाइपच्या सेन्सरला वाजवीपेक्षा जास्त मान देतो आहे, रिचकडे सरकला तर कमी, असे समजायचे. या गाडीत आयडलच्या प्रवाहाला निम्मा, शहरी वेगाला एक पंचमांशाच्या आसपास आणि बूस्टमध्ये जेमतेम वीसांश हिस्सा कूलंटकडे झुकवावा लागला. पाइपमध्ये ४० आणि कूलंट ९२ अंश असताना ईसीयू आयडलला हवा ६६ अंश धरतो आणि बूस्टमध्ये ४३ च्या आसपास.

त्यानंतरच व्हीईचा तक्ता नव्याने भरला. कमी दाबाची घरे पाम बीच रस्त्यावर आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर, वाहतुकीच्या वेगात, शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसासह भरली. त्यासाठी वेग लागतच नाही, वेगवेगळ्या गिअरमध्ये स्थिर चालणे लागते. शंभर किलोपास्कलच्या वरची घरे फक्त डायनोवर भरली. बूस्ट रस्त्यावर ट्यून करणारे लोक आहेत. त्यांना मी एवढेच विचारतो की ६००० आरपीएमला तिसऱ्या गिअरमध्ये त्यांची नजर लॅम्डावर असते की समोरच्या रिक्षावर. बूस्टमध्ये लक्ष्य ०.८० लॅम्डा ठेवले. २०० किलोपास्कल आणि ६००० आरपीएमला या इंजेक्टरवर साधारण साठ टक्के भार येतो, म्हणजे ते या कामाला पुरेसे मोठे आहेत आणि आयडलला अजून आवरता येतात. प्रवेगाचे वाढीव पेट्रोल सगळ्यांत शेवटी पाहिले. व्हीई बरोबर बसल्यावर त्यातले बरेचसे कमीच करावे लागले.

नव्या तक्त्यात २२०० आणि ४५ च्या घरात व्हीई ७६ आला. ९१ मधून इथेनॉलचे नऊ टक्के आणि सकाळी दिसणारा दहा टक्क्यांचा रिचपणा वजा केला, आणि हवेचे तापमान आता खरे धरले जाते एवढी किंचित भर घातली, की हाच आकडा हिशोबानेही येतो. ६००० आरपीएमचा १०८ उतरून ९४ झाला. त्यातले पाच-साडेपाच टक्के डायनोवर एकामागून एक 'पूल', म्हणजे पूर्ण थ्रॉटलच्या धावा, घेताना तापलेल्या मॅनिफोल्डच्या सेन्सरचे होते. याचा अर्थ जुन्या मॅपवर थंड इंजिनाचा पहिला पूल ०.७६ लॅम्डाला, म्हणजे गरजेपेक्षा बराच रिच जात असणार. तक्त्याचा आकारही आता ओळखीचा झाला : मधल्या आरपीएमला उंच आणि लाल रेषेकडे उतरता.

मालकांनी गाडी पुन्हा त्याच रस्त्याने, त्याच वेळी चालवली आणि लॉग पाठवले. क्लोज्ड लूप बंद असताना सकाळ-संध्याकाळचा फरक त्या घरात तीन टक्क्यांच्या आत आला. झटके गेले. क्लोज्ड लूप चालू केल्यावर त्याला आता फारसे काम उरत नाही, आणि मला तरी गाडी अशीच आवडते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवरच होता, त्यामुळे पीयूसीचाही प्रश्न आला नाही.

उरलेल्या तीन टक्क्यांच्या मागे लागलो नाही. एक तर ठाण्याच्या हवेतच तेवढा फरक असतो. मॅप सेन्सरला एकूण दाब कळतो, त्यात बाष्पाचा वाटा किती हे कळत नाही. जूनमध्ये ३२ अंशांना ८५ टक्के आर्द्रता असेल तर हवेच्या दाबातले सुमारे ४ किलोपास्कल निव्वळ बाष्पाचे असतात. जानेवारीच्या सकाळी २० अंशांना निम्म्या आर्द्रतेत ते सव्वा किलोपास्कलही नसतात. म्हणजे पावसाळ्यात हीच गाडी कोणी हात न लावता तीनेक टक्के रिच होते. ती रिचकडे सरकते, लीनकडे नाही, म्हणून ते तसेच राहू दिले. खंडाळ्याचा घाट चढून लोणावळ्यापर्यंतही एक लॉग घेतला. तिथे बाहेरचा दाब ९४ किलोपास्कलच्या आसपास उतरतो, पण मॅनिफोल्डचा दाब निरपेक्ष मोजला जात असल्यामुळे हिशोब आपोआप जुळतो. एक्झॉस्टसमोरचा विरोध किंचित घटल्याने व्हीई थोडा वाढतो, तेवढ्यापुरती वातावरणाच्या दाबाची लहान दुरुस्ती भरली. इग्निशनच्या तक्त्याला या खेपेस हात लावलेला नाही. आधीचा टायमिंग जास्तीच्या पेट्रोलच्या आडोशाने ठरवलेला असल्यामुळे त्याची नॉकसाठी, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण अवेळी भडकण्यासाठी, वेगळी तपासणी होईपर्यंत बूस्ट पाव बारने उतरवून ठेवला आहे.